वही आणि हजेरी



आजच्या व्याख्यानाचं निमंत्रण मला दोनदा मिळालं. छापील पत्रिकेवरचा पत्ता आपल्या उज्जैनच्या पद्धतीचा होता: फ्रीगंजच्या टॉवरवरून सरळ या, डाव्या हाताला वळा, कुणालाही विचारा. दुसरं निमंत्रण मोबाइलवर आलं. त्यात पत्ता नव्हताच, नकाशात रोवलेली एक लाल टाचणी होती. इंदूरला राहायला जाऊन मला बरीच वर्षं झाली, म्हणून टाचणीवर विसंबलो आणि भलत्याच गल्लीत एका पंक्चरवाल्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘मराठी लोगों का भाषण है ना?’ आणि हातातल्या पान्यानं दिशा दाखवली. माझ्या अंगावर ते कुठे लिहिलं होतं कुणास ठाऊक.

मी कोण आणि कुठे निघालो हे त्या माणसानं एका नजरेत ओळखलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट गावात आल्यासारखं वाटलं. आता दुसरी गोष्ट सांगतो. दर गुरुवारी मी एका दवाखान्यात जातो. मागच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी खिशातल्या यंत्रानं आपणहून त्या दवाखान्याची वाट दाखवली आणि रस्त्याला बावीस मिनिटं लागतील असंही कळवलं. पत्नीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘बरंच आहे की, तुम्ही विसरता.’ खरं आहे, विसरतो. पण तो दवाखाना कसला आहे हे मी अजून माझ्या मुलीलाही सांगितलेलं नव्हतं.

या दोन ओळखींमध्ये फरक काय, एवढाच आजचा विषय. मोबाइल आपली माहिती गोळा करतो, आपण कुठे जातो ते टिपून ठेवतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर आपल्या घरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’ फ्रीगंजात ते हिंदीतूनही म्हणतात, ‘अपने को क्या छुपाना.’ मीही ते कित्येकदा म्हटलेलं आहे. हल्ली म्हणताना अडखळतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव या फलकावर आहेच. मी त्यांना आयुष्यभर पोस्टमास्तर म्हटलं, आजही तेच म्हणेन. कुणाच्या घरी दर महिन्याची मनिऑर्डर येते, कुणाची यायची थांबली, कुणाच्या मुलीसाठी पुण्याहून जाड पाकिटं यायला लागली, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. माझ्या थोरल्या भावानं वडिलांना न विचारता नौदलात अर्ज केला होता. वडिलांना वास लागला आणि त्यांनी रस्त्यात पोस्टमास्तरांना गाठून विचारलं, ‘आमच्या चिरंजीवांचं काही आलंय का?’ पोस्टमास्तर म्हणाले, ‘आलं असेल तर ज्याचं त्याला पोचेल.’ वडील त्यांच्यापेक्षा वयानं मोठे, शेजारी, शिवाय गणपतीच्या वर्गणीचे खजिनदार. तरी उत्तर तेवढंच. वडील दोन दिवस धुसफुसत होते.

टपालाचा कायदा तेव्हा इंग्रजांचाच होता, १८९८ चा. आणीबाणीचा प्रसंग किंवा सार्वजनिक सुरक्षितता असं कारण दाखवून सरकारला पत्र अडवता येई. १९८६ साली ती मुभा आणखी वाढवणारं विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, आणि राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. ते विधेयक कायदा झालंच नाही. पुढे २०२३ साली टपालाचा नवा कायदा आला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात पत्र, पार्सल अडवण्याची, उघडण्याची तरतूद स्पष्ट आहे. तुमच्यापैकी किती जणांनी ते ऐकलं होतं? हात वर करू नका, मलाही उशिराच कळलं.

सदतीस वर्षांत आपण भित्रे झालो की बेफिकीर? मला दोन्ही पटत नाही. मला वाटतं, पाकीट गेलं. पाकीट फोडलं की फाटकी कड दिसते, खळ पुन्हा लावली तरी कागद सुरकुततो. आपल्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पाकीट कुणी उघडलंय का हे ती बोटानं सांगायची. आजच्या माहितीला पाकीट नाही. कुणी वाचलं तर कड फाटत नाही आणि माणसाला राग येण्यासाठी जी खूण लागते तीच मिळत नाही.

ठिकाण सांगणं हा तसा आपल्या गावाचा जुना व्यवसाय. भारतीय ज्योतिषात रेखांश मोजायची शून्यरेषा लंकेहून निघून अवंतीवरून, म्हणजे उज्जैनवरून जाते असं धरत. सूर्यसिद्धान्तात ते आलेलं आहे. पंचांगकर्ते प्रत्येक गावाचं देशांतर काढायचे ते आपल्यापासून. हे ज्ञान अरबांकडे गेलं तेव्हा उज्जैनचं ‘उझैन’ झालं, मग अरबी लिपीतला एक ठिपका गळाला, ‘झ’चा ‘र’ झाला आणि युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथांत आपलं गाव ‘अरीन’ म्हणून पोचलं. एका ठिपक्यापायी गाव हरवलं, असं गमतीनं म्हणता येईल. सवाई जयसिंगांनी इथे वेधशाळा बांधली, माधवराव शिंद्यांच्या काळात १९२३ साली तिची दुरुस्ती झाली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथे जायची. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला की सहल संपली. शून्यरेषेवर बसून दशम्या खातोय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

या रेषेचा मान १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेनं ग्रिनिचला दिला. आता तुमच्या फोनमधलं ठिकाण तिथून मोजलं जातं. ते कसं कळतं याबद्दल एक गैरसमज पक्का आहे, तो आधी काढून टाकू. ‘वर उपग्रह आहे, तो आपल्याला बघतो’ असं लोक म्हणतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात, जुन्या आकाशवाणीसारखे. तुमचा फोन किमान चार उपग्रहांची वेळ ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते स्वतःच मांडून काढतो. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कधीच कळत नाही. म्हणजे ही विद्या मुळात वेधशाळेसारखीच आहे, आकाशाकडे बघा आणि आपली जागा ओळखा. पुढचं काम फोनमधली ॲपं करतात. मांडलेलं उत्तर ती आपल्या मालक कंपनीला कळवतात.

जीपीएस बंद केलं तरी मोबाइलच्या टॉवरला तुम्ही त्याच्या टापूत आहात हे ठाऊक असावंच लागतं, नाहीतर फोन वाजणार कसा? साध्या बटणांच्या फोनलाही हे चुकत नाही. कुठला फोन कुठल्या टॉवरखालून बोलला याच्या नोंदी कंपन्यांनी दोन वर्षं ठेवाव्यात, असा नियम डिसेंबर २०२१ मध्ये झाला. त्याआधी एक वर्ष होतं. आपल्या फ्रीगंजच्या टॉवरवर घड्याळ आहे, आपण त्याच्याकडे मान वर करून बघत आलो. आताचे टॉवर आपल्याकडे बघतात, आणि त्यांच्यावर घड्याळसुद्धा नाही.

‘पण त्यात माझं नाव कुठे असतं?’ असं विचारणारे भेटतात. २०१३ साली एका युरोपीय देशातल्या पंधरा लाख माणसांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी नावं काढून तपासल्या होत्या. वेळ आणि ठिकाण अशा फक्त चार खुणा हाती आल्या, तर शंभरातले पंच्याण्णव जण गर्दीतून वेगळे काढता येतात, असं त्या अभ्यासात दिसलं. स्वतःचं करून बघा. सकाळी सहाला क्षीरसागरच्या मैदानावर, दहाला कचेरीत, संध्याकाळी एका ठरावीक दुकानात, रात्री एका ठरावीक छताखाली. उज्जैनमध्ये असा दुसरा कोण आहे? आणि ‘नोंद बंद’चं बटण दाबल्यावर नोंद बंद होते या भ्रमातही राहू नका. ते बटण दाबूनही ठिकाण नोंदलं जात होतं, अशा आरोपावरून अमेरिकेतल्या चाळीस राज्यांशी गूगलनं नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड केली आणि ३९ कोटी १५ लाख डॉलर भरले.

आता शिप्रेकाठच्या रामघाटावर येऊ.

आपल्या घरांतली माणसं तीर्थोपाध्यायांकडे जातात. उपाध्याय गाव विचारतात, आडनाव, गोत्र विचारतात, मग लाल कापडात बांधलेली लांबट वही काढतात आणि तुमच्या पणजोबांचं अक्षर तुमच्यापुढे ठेवतात. कोण, कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार, सगळीकडे हेच. माणसांची माहिती गोळा करण्याचा इतका चिवट, इतका जुना उद्योग दुसरा सहज दाखवता येणार नाही. हरिद्वारसारख्या तीर्थांवरच्या या वह्यांचे सूक्ष्मपट काढायला अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका वंशावळ संस्थेनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली. तेव्हा ‘आमची माहिती लोकांना सांगायला आवडत नाही’ असं आपल्याबद्दल कुणी म्हणू नये. आपण सुतकात, ओल्या कपड्यांनी बसून सांगितलेली आहे.

पण बारकाईनं बघा. सांगणारा आणि लिहिणारा समोरासमोर बसतात. नोंद तुमच्यासमोर होते, पुष्कळदा तुमच्याच हातानं होते, खाली तुमची सही असते. वही तुम्हाला दाखवतात, ती दाखवण्यासाठीच असते. आणि त्या वहीचा उपयोग तुमच्या पोराला उद्या त्याची माणसं सापडावीत एवढाच. उपाध्याय दक्षिणा घेतात, घासाघीस करतात, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही एका घाटावर थांबलात म्हणून दुसऱ्या दिवशी मुंबईचा चपलांचा दुकानदार तुम्हाला हाक मारत नाही.

वंशावळीचीच दुसरी गोष्ट आपल्याच मध्य प्रदेशातली. १८३० च्या दशकात जबलपूर आणि सागरकडे कॅप्टन स्लीमन ठगांच्या मागे लागला. काही जणांना माफीचे साक्षीदार बनवून त्यानं ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या, कोण कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुणाच्या टोळीत. १८३६ साली त्या पुस्तकात छापल्याही. ठगांची कड घ्यायला मी इथे उभा नाही, त्यांनी वाटसरूंचे गळे आवळले. पण हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. रकाने तेच. नाव, बापाचं नाव, गाव, नातं. रामघाटावरच्या वहीत नाव सापडलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि स्लीमनच्या वहीत सापडलं तर फास.

स्लीमनपाशी ते थांबतं तर इतिहासजमा झालं असतं. गुन्हेगारी रक्तातून येते या समजुतीला १८७१ साली कायद्याचं रूप मिळालं. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही, जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा आणि ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यायची. सोलापुरात त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्या जगातल्या पोलिसांबद्दल मी निराळं सांगायला नको. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. हजेरी हा शब्द मात्र राहिला. माणूस कुठे आहे याची नोंद, ठरावीक वेळाने, वरच्याच्या खातरजमेसाठी. आज ज्याला ‘लोकेशन ट्रॅकिंग’ म्हणतात त्याला मराठीत नवा शब्द शोधत बसण्याचं मला कारण दिसत नाही.

वही आणि हजेरी, दोन्हींत माहिती तीच. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण हजेरी देत असताना वहीत नाव लिहितोय अशी स्वतःची समजूत घालतो.

न्यायालयं या प्रश्नाशी साठ वर्षं झगडताहेत, आणि त्यातले दोन खटले आपल्या राज्यातून गेले. त्याआधी १९६२ चा खडकसिंग खटला उत्तर प्रदेशचा. पोलीस रात्री-बेरात्री त्याचं दार ठोठावायचे. न्यायालयानं रात्रीचं दार ठोठावणं रद्द केलं. पण घराबाहेर गुपचूप पाळत ठेवण्यानं माणसाचं स्वातंत्र्य जात नाही, असं बहुमतानं म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव वेगळे पडले. त्यांचं म्हणणं साधं होतं: मागे सावली लावलेला माणूस मोकळा फिरतोय असं कसं म्हणायचं? १९७५ साली गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश सरकार. पुन्हा पाळत, पुन्हा रात्रीच्या घरभेटी. पोलिसांचे नियम टिकले, पण खासगीपणाचा हक्क घटनेत कुठेतरी दडलेला असावा, हे न्यायालयानं दबक्या आवाजात मान्य केलं. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीतला जबलपूरचा खटला. जगण्याच्या हक्कासाठीही तेव्हा न्यायालयाचं दार बंद आहे, असं पाचांपैकी चौघांनी सांगितलं, आणि त्या चौघांत यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले.

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचा जबलपूरचा निकाल चुकीचा होता असं लिहिलं. आपल्याकडे बापाचं अक्षर खोडणं सोपं नाही. खोडलं, आणि जाहीर खोडलं. सात वर्षांनी, ८ जुलै २०२४ ला, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुइयां यांच्यापुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका नायजेरियन आरोपीचं प्रकरण आलं. जामीन देताना त्याला अट घातली होती की गूगलच्या नकाशावर टाचणी रोवून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला कळत राहील असं करायचं. ओक साहेबांच्या पीठानं ती अट रद्द केली. जामीन दिलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवता येणार नाही, त्यानं त्याचा खासगीपणा मोडतो, असं म्हटलं.

म्हणजे अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या आरोपीला आज एक संरक्षण आहे. आता नागपूरच्या सफाई कामगारांकडे बघा, ज्यांच्यावर कसलाच आरोप नाही. तिथल्या महापालिकेनं त्यांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, किती वेळ आहे, हे कचेरीतल्या पडद्यावर दिसायचं आणि पगार त्याच्याशी जोडला जायचा. चंडीगडमध्ये हीच घड्याळं आली तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले. पहाटे पाचला रस्ता झाडणारी बाई झाडाखाली चहाला बसली, शौचालय शोधत हद्दीबाहेरच्या गल्लीत गेली, तर पडद्यावर ठिपका सरकायचा. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या मनगटावर हे घड्याळ नव्हतं. नगरसेवकाच्या नव्हतं. कामचुकारपणा मोजायचाच तर तो खालून मोजायचा, ही आपली जुनी रीत.

‘लपवण्यासारखं काय आहे’ हे वाक्य मला याच ठिकाणी अडतं. ते मी म्हणतो, तुम्ही म्हणता, कारण पडद्याच्या ज्या बाजूला आपण बसलो आहोत तिथून दुसऱ्याचा ठिपका दिसतो. जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या पारध्यांच्या वस्तीत जाऊन ते म्हणून बघावं.

आणि आपणही कुणाची तरी हजेरी घेतोच. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. पहिल्या वर्षी तिनंच तिच्या आईच्या फोनवर आपलं ठिकाण दिसेल अशी सोय करून दिली. फ्रीगंजातल्या निम्म्या घरांत हे असेल. मुलं पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत, आणि आई इथे स्वयंपाकघरात निळा ठिपका बघत पोळ्या लाटतेय. ठिपका कचेरीत आहे, ठिपका रिक्षात बसला, ठिपका घरी पोचला, मग ही जेवायला बसते. यात पाळत कुठे आहे, ही तर काळजी, असं मीही म्हणालो असतो. मग एका शनिवारी रात्री ठिपका कोथरूडच्या पुढे गेला आणि नाहीसा झाला. आम्ही सात वेळा फोन केले. अकराला तिचा फोन आला. ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, मी बंद केलं होतं. चार तासांसाठी. तुम्हाला सांगून बंद करायचं असेल, तर मग ते बंद कसलं?’ पत्नीनं तीन दिवस अबोला धरला. मी मुलीला चिडून विचारलं, ‘एवढं लपवण्यासारखं होतं काय?’ आणि हे वाक्य कुणी कुणाला म्हणायचं असतं ते मला त्या क्षणी कळलं. वडिलांनी भावाच्या पत्राची चौकशी केली होती, तेव्हाचा त्यांचा आवाज माझ्या तोंडून आला.

२०२३ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा या बाबतीत गमतीचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग कंपन्यांनी काढू नये असं तो सांगतो. घरगुती कारणासाठी कुणी कुणाची माहिती ठेवली, तर तिकडे मात्र तो बघत नाही. म्हणजे आईबाप मोकळे. सरकारनं ठरवलेल्या सरकारी यंत्रणाही मोकळ्या राहू शकतात. 

नोंदच नको, असं मी म्हणतोय असा कुणाचा समज व्हायला नको. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावातल्या बाईला दिला गेला. कुठल्याच वहीत आपलं नाव नसणं म्हणजे काय हे त्या भागातल्या माणसांना विचारावं. रेशनच्या दुकानातून हात हलवत परतणं. नोंद झाली म्हणजे धान्य मिळालंच असं नाही, अंगठ्याचे ठसे घासले गेलेल्या म्हाताऱ्यांना तेही ठाऊक आहे. पण नाव हवं असतं.

आणि उज्जैनमध्ये राहून गर्दीकडे डोळेझाक कशी करता येईल? १५ जुलै १९९६, सोमवती अमावास्या, महाकालाच्या मंदिरातली चेंगराचेंगरी तुमच्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल. २००३ साली नाशिकच्या कुंभात ३९ माणसं गेली. माणसं कुठे दाटली आहेत हे वेळेत कळलं असतं, तर? त्याच नाशिकच्या नीलय कुलकर्णी या शाळकरी मुलानं पुढच्या कुंभासाठी मित्रांच्या मदतीनं एक चटई बनवली. पाय पडला की दाबानं मोजदाद होते, दर मिनिटाला किती पावलं पुढे गेली ते कळतं. ‘आशिओतो’ हे तिचं नाव, जपानी भाषेत पावलांचा आवाज. मला ही चटई फार आवडते. तिला पाऊल कळतं, पाऊल कुणाचं ते कळत नाही आणि कळून घ्यायची तिला गरजही नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची चर्चा आताच सुरू आहे. शिप्रेत बुडी मारणाऱ्यांतून चोर शोधायचा की चेंगराचेंगरी टाळायची, हे आधी ठरवा म्हणावं. दुसऱ्या कामाला चेहरा लागत नाही.

महाकालाच्या मंदिरात डिसेंबर २०२२ पासून मोबाइल नेऊ देत नाहीत. बाहेर जमा करावा लागतो. मागच्या श्रावणात मी रांगेत होतो. फोन दिलेली माणसं सारखी खिसा चाचपत होती, एक गृहस्थ दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होते. माझ्या लक्षात आलं की त्या तासभरात मी कुठे आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. बरं वाटलं असं सांगायला हवं, पण खरं सांगतो, आधी जरा भीतीच वाटली.

बाहेर येऊन आम्ही रामघाटावर गेलो. मुलगी पुण्याहून आली होती. उपाध्यायांनी वही काढली. माझ्या आजोबांचं मोडीतलं अक्षर, वडिलांची सही, मी लग्नानंतर आलो तेव्हाची माझी. उपाध्यायांचा मुलगा आता पानांचे फोटो काढून यजमानांना मोबाइलवर पाठवतो. मी त्याला म्हटलं, हे कुठे कुठे जाईल याचा विचार केलास का? तो हसला आणि म्हणाला, ‘काका, कागदाला वाळवी लागते.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलगी पान वाचत होती. मग तिनं विचारलं, ‘माझं नाव कुठाय?’ उपाध्यायांनी सांगितलं, मुलींची नोंद सासरच्या गावाच्या वहीत होते, लग्न झालं की या. ती म्हणाली, लग्नाचं अजून ठरलेलं नाही, पण आज मी इथे आले होते हे लिहायचं आहे. माझ्या हातानं. उपाध्याय वाईट माणूस नाहीत. त्यांनी वही उलटसुलट चाळली, माझ्या सहीखालची मोकळी जागा बोटानं मोजली, पुन्हा आडनावांच्या खुणांपर्यंत गेले आणि परत आले. बराच वेळ ते पान शोधत होते. तिनं पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.